शिंगराला दवाखान्यात नेताना

पहाटे मोटर चालू करायची, पाचला धारा, साडेसहाच्या आत डेअरीवर कॅन पोचवायचे, मग शेणघाण, आणि त्यानंतर कुठे निवांत चहा. या रगाड्यात शिंगराचा, म्हणजे घोडीच्या पिल्लाचा, दवाखाना कुठे बसवायचा, हा विचार घोडी घेताना आम्ही केलाच नव्हता. गाईला डॉक्टर घरी येतात तसे घोडीलाही येतील, असं धरून चाललो होतो.

आम्ही दौंड तालुक्यातले, भीमेकाठचे. भीमथडीची तट्टं इथलीच. धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन मेंढरांमागं चालताना ती लहानपणापासून पाहिलेली. अलीकडे या जातीची कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत स्वतंत्र नोंद झाली, त्यामुळे हौसेनं घोडी घेणारेही वाढले. घोडी व्याली की त्यांचे फोन येतात. "वहिनी, शिंगरू दाखवून आणायचंय, कसं करू?" दर वेळी तेच सांगून झाल्यावर लिहूनच काढलं. एवढं आधी ध्यानात घ्या, की दवाखान्यातली दहा मिनिटं सोपी जातील की अवघड, हे आधीचे दोन महिने तुमच्या गोठ्यात ठरत असतं.

पहिला दिवस

घोडी साधारण अकरा महिने गाभण असते आणि बहुतेक रात्रीच विते. शिंगरू पडल्यावर घड्याळ बघून ठेवा. तासाभरात ते उभं राहायला हवं, दोन तासांत आईला लागायला हवं आणि तीन तासांत वार, म्हणजे पोटातलं आवरण, पडायला हवी. यातलं एकही चुकलं तर उजाडायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. वार अडकली तर ओढू नका. गाईची वार बारा तासांनी पडली तरी आपण फारसं मनावर घेत नाही. घोडीत तीन तासांनंतर तो आजारच समजायचा. पडलेली वार बादलीत झाकून ठेवा, ती पूर्ण आहे का हे डॉक्टरांना बघायचं असतं.

चीक हा सगळ्यात मोठा मुद्दा. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्यं जवळजवळ नसतात, ती चिकातूनच येतात. पहिल्या सहा तासांत ती सगळ्यात चांगली शोषली जातात, चोवीस तासांनंतर आतडं ती आत घेतच नाही. गाय व्याली की खरवसाला चीक काढायचा, ही आपली जुनी सवय. घोडीच्या बाबतीत खरवसाचं नावही काढू नका. चीक पुरेसा गेला की नाही हे अठरा ते चोवीस तासांच्या दरम्यान रक्त तपासून कळतं. तुमच्याकडच्या डॉक्टरांकडे ती सोय आहे का, हे घोडी विण्याआधीच विचारून ठेवा.

बेंबीला हळद किंवा राख लावू नका. आमच्या आत्याबाई राख घेऊन उभ्याच होत्या. डॉक्टरांकडून क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचं पातळ द्रावण आधी आणून ठेवायचं, छोट्या वाटीत घेऊन बेंबी त्यात बुडवायची, दिवसातून दोन-तीनदा, पहिले काही दिवस. पहिली काळपट, चिकट लीद पडली का तेही बघा. शेपूट वर करून शिंगरू नुसतं कुंथत असेल तर ती अडकलीय.

रोजची दहा मिनिटं

आता मुख्य काम. वेगळा वेळ काढायची गरज नाही, धारा उरकल्यावर हात धुऊन शिंगराकडे जायचं. आई शेजारी बांधलेली, तिच्यापुढं लसूणघासाची पेंढी, आणि तुम्ही शिंगराच्या डाव्या अंगाला. एक हात छातीच्या पुढून, दुसरा मागून पुठ्ठ्यांभोवती. दाबायचं नाही, नुसतं कुंपण करायचं. ते धडपडलं तर धरून ठेवा, आणि शांत उभं राहिलं की त्याच क्षणी सोडा. धडपडताना सोडलंत तर धडपडलं की सुटका होते, हे ते एका दिवसात शिकतं. मग वर्षाचं झाल्यावर तेच दीडशे-दोनशे किलोचं जनावर तुम्हाला तोच धडा शिकवतं.

पोटाखाली हात घालून उचलू नका आणि गळ्यात दावं अडकवून ओढू नका. ओढलं की शिंगरू मागं रेटतं, उताणं पडतं, मान दुखावते. चालवायचं तर म्होरकीला, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याला, एक दोरी आणि मागून पुठ्ठ्याभोवती दुसरी. पुढून फक्त दिशा द्यायची, ढकलायचं मागून. आठवडाभरात पाय उचलू देईल. खूर हातात घ्या, बोटानं तळवा खरवडा, खाली ठेवा. कानात बोट, ओठ वर करून हिरड्या, शेपूट उचलून बाजूला. हे सगळं डॉक्टर करणार आहेत. ते पहिल्यांदा डॉक्टरांनी केलं की शिंगरू उधळतं, तुम्ही रोज केलेलं असलं की कान मागंपुढं करून उभं राहतं.

थर्मामीटरची सवय याच वेळात लावा. साधा डिजिटल चालतो. त्याला वीतभर दोरा आणि दोऱ्याला कपड्याचा चिमटा बांधा, चिमटा शेपटीच्या केसांना लावा, म्हणजे थर्मामीटर आत ओढला जात नाही आणि पडून फुटतही नाही. टोकाला थोडं व्हॅसलीन. उभं राहायचं बाजूला, पुठ्ठ्याला अंग चिकटवून. अगदी मागं उभं राहिलात तर लाथ बसेल, आणि लहान शिंगराची लाथही गुडघ्याला पुरते.

वही

आमच्याकडे डेअरीच्या दुधाच्या पुस्तकाशेजारी खिळ्याला शिंगराची वही टांगलेली असते. पहिला महिना रोज, पुढं आठवड्यातून दोनदा, एवढंच लिहायचं: ताप, श्वास, पितं का, लीद कशी, बेंबी कोरडी का ओली. लहान शिंगराचा ताप ९९ ते १०२ फॅरेनहाइटपर्यंत असतो. निवांत उभं असताना श्वास मिनिटाला २० ते ४०. नाडी पहिल्या आठवड्यात ८० ते १०० च्या आसपास, वर्षाचं होईपर्यंत ती ४० ते ६० वर येते. मोठ्या घोड्याची ३० ते ४० च. म्हणून शिंगराची नाडी घोडीच्या नाडीशी ताडून घाबरू नका.

वहीची किंमत मला पहिल्याच फेरीत कळली. ठुशी, आमची पहिली शिंगी, दीड महिन्याची असताना खोकायला लागली. घोडी नेणं अवघड म्हणून आम्ही तिला एकटीलाच पिकअपमध्ये घातलं. चौदा किलोमीटर ती हौद्यात खिंकाळत गोल फिरत राहिली. इकडं घरी तिच्या आईनं, सावळीनं, अगाडी-पिछाडीच्या दोन्ही दोऱ्या तोडून कांद्याच्या वाफ्यातून रस्ता गाठला, सासरे तिच्यामागं. दवाखान्यात पोचेपर्यंत ठुशी घामानं निथळत होती. डॉक्टरांनी ताप घेतला, जास्त. नाडी, जास्त. श्वास भात्यासारखा. म्हणाले, "ताई, हा ताप आजाराचा की धावण्याचा, मी आता कसं सांगू? घरी किती होता?" मी घरी मोजलाच नव्हता. अर्धा तास सावलीत थांबून परत मोजला आणि मग इलाज ठरला. तेव्हापासून आईला सोडून दूध पिणारं शिंगरू आमच्याकडून बाहेर पडलेलं नाही.

न्यायचं की बोलवायचं

लसीला, रक्त द्यायला, खोकल्याला नेता येतं. पण शिंगरू उभं राहत नसेल, पोट दुखून लोळत असेल, हाड मोडल्यासारखा पाय लोंबत असेल, तर आधी फोन करा आणि हलवायचं का ते डॉक्टरांना ठरवू द्या. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. गावच्या दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशींत असतात. घोड्यांचा हात असलेले कमी, आणि ते बरेचसे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्स आणि स्टड फार्मच्या आसपास. म्हणून गावच्या डॉक्टरांनाच आधी विचारा, "साहेब, घोड्यांचं जास्त कोण बघतं, अडचण पडली तर त्यांच्याशी बोलाल का?" चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

थांबायचं नाही अशा गोष्टी थोड्या आहेत, पण त्या ओळखायला नजर लागते. शिंगराच्या कपाळावर, नाकाडावर वाळलेलं दूध दिसतंय आणि आईची कास तट्ट भरून सडांतून थेंब गळताहेत, म्हणजे शिंगरू आईखाली जातंय पण पीत नाही. दिसायला हे फार गोंडस दिसतं, पाहुणे फोटो काढतात. हा आजारी शिंगराचा चेहरा असतो. न पिणारं तान्हं काही तासांत खंगतं.

दुसरी गोष्ट लंगडणं. "आईचा पाय पडला असेल" हे वाक्य प्रत्येक गोठ्यात ऐकू येतं. ठुशीच्या पाठचं शिंगरू नवव्या दिवशी मागच्या डाव्या पायानं लंगडलं तेव्हा आमच्याकडेही सगळे हेच म्हणाले. मी ताप घेतला, १०३.४. मागच्या ढोपरावर हात ठेवला तर उजव्यापेक्षा गरम, आणि आतून पाणी भरल्यासारखं. बेंबी बाहेरून कोरडी, पण दाबल्यावर शिंगरू दचकलं. बेंबीतून जंतू रक्तात जातात आणि सांध्यात घर करतात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांचं शिंगरू लंगडलं की तपासून खात्री होईपर्यंत सांध्याचा संसर्गच धरायचा. त्याच सकाळी आम्ही निघालो. त्या दिवशीचं दूध शेजारच्या दादांनी डेअरीला घातलं. डॉक्टरांनी सांध्यातलं पाणी सुईनं काढून बघितलं, गढूळ. मग मोठ्या दवाखान्यात सांधा धुणं आणि बरेच दिवस इंजेक्शनं. पाय वाचला, ढोपर जरा जाड राहिलंय. दोन दिवस तेल चोळत बसलो असतो तर तेवढंही राहिलं नसतं.

पोटदुखीत आणखी एक. घोड्याला उलटी होत नाही. बैलाला पाजतो तसं नळकांड्यानं तेल, ताक किंवा हिंगाचं पाणी शिंगराच्या घशात ओतू नका. ते फुप्फुसात जातं आणि पोटाचा आजार बाजूला राहून न्यूमोनिया होतो. आणि तुमच्याकडं कोंबड्या असतील तर त्यांचं खाद्य कडीकुलपात ठेवा. कोंबडीच्या आणि काही गाईंच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याच्या हृदयाला विष आहे. सांडलेली मूठभर चव घेणारं शिंगरूही डॉक्टरांना दाखवा.

गाडी

पिकअप उंच हौद्याची, जनावरं नेणारी घ्या. भाजीची अर्ध्या फळीची नको, शिंगरू उडी मारतं. तळाला ओली वाळू, त्यावर गोणपाट, वर थोडा कडबा. नुसत्या पत्र्यावर खूर घसरतात. वर ताडपत्री सावलीपुरती, बाजूनं वारा खेळला पाहिजे. गाडी शेताच्या बांधाला किंवा उकिरड्याच्या उंचवट्याला मागून लावा, म्हणजे हौदा जमिनीला टेकतो आणि फळीची कसरत वाचते.

चढवताना दोघं शिंगराला, एक घोडीला. शिंगरू पुढं, घोडीचं नाक त्याच्या पुठ्ठ्यापाशी, म्हणजे दोघांपैकी कुणी नजरेआड होत नाही. आत घोडीला एका झटक्यात सुटणाऱ्या गाठीनं बांधा, शिंगरू मोकळं ठेवा. बांधलेलं शिंगरू वळणावर पडलं की गळफास बसतो. निघायच्या आदल्या दोन-तीन दिवशी गाडी नुसती आणून उभी करता आली तर फार बरं. चंदीचा तोबरा हौद्यातच द्यायचा, चढवायचं, उतरवायचं, पाठवून द्यायचं. ड्रायव्हर दादा कुरकुर करतात, चहा पाजा.

वेळ सकाळची, डेअरी उरकल्यावर लगेच. उन्हाळ्यात दुपार नकोच. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यानं जाऊ नका, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं तासभर अडकता आणि शिंगरू उन्हात. शिंगराला उपाशी ठेवायचं नाही, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं तरच. रस्ता लांबचा असेल तर तासा-दीड तासानं थांबून पिऊ द्या.

बरोबर काय घ्यायचं? वही, घोडीचं लसीचं आणि जंतांच्या औषधाचं कार्ड, स्वतःची बादली आणि पाणी, एक जुनी चादर, डबीत सकाळची ताजी लीद. आणि मोबाइलवर व्हिडिओ. घरी लंगडणारं शिंगरू दवाखान्याच्या आवारात घाबरून सरळ चालतं, खोकणारं खोकत नाही. वीस सेकंदांचा व्हिडिओ असला की डॉक्टरांना ते दिसतं.

दवाखान्यात

आत बोलावेपर्यंत गाडीतच थांबा. दुसऱ्याच्या घोड्याच्या नाकाला नाक लावू देऊ नका, तिथल्या पाण्याच्या हौदावर पाजू नका. इन्फ्लुएंझा आणि गळ्याच्या गाठी पिकवणारा स्ट्रँगल्स असेच पसरतात. दवाखान्यातला लोखंडी खोडा गाई-बैलांच्या मापाचा असतो. लहान शिंगरू त्यात घालू नका, ते खालून निसटतं किंवा वरून झेप घेतं आणि पाय अडकतो. घोडी खोड्यात किंवा झाडाला बांधा, शिंगरू तिच्या डोळ्यांसमोर भिंतीच्या कोपऱ्यात घेऊन रोजच्यासारखं धरा. मदतीला आलेला कुणी कान पिरगाळायला लागला तर नम्रपणे नको म्हणा. एकदा कान पिरगाळलेलं जनावर पुढं कित्येक महिने म्होरकी घालू देत नाही.

डॉक्टरांना तुमचं निदान सांगू नका, काय बघितलं ते सांगा. कधीपासून, किती वेळा, वहीतले आकडे. छातीचा घेर टेपनं मोजून आणलात तर वजनाचा अंदाज येतो, आणि शिंगराचा डोस वजनावरच असतो. औषधाचं नाव, किती, कधी, किती दिवस, हे लिहून घ्या. घरी पोचेपर्यंत म्हशीची गडबड सुरू होते आणि सकाळ-संध्याकाळ होतं की नुसतं सकाळ, हे कुणालाच आठवत नाही.

एक गंमत. बाजारात घोड्याचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवतात, त्यावर हजारो रुपये वरखाली होतात. डॉक्टरही भोवरे बघतात. घोड्याला गाईसारखा कानात बिल्ला नसतो, त्यामुळे ओळखीच्या चित्रावर कपाळावरचा ठिपका, पांढरे पाय आणि भोवरे कुठं आहेत ते काढतात. आमच्या सासऱ्यांनी ते बघून मान डोलावली, "बघा, डॉक्टरसुद्धा मानतात." मी काही बोलले नाही.

लस, जंत, दात

गाईंच्या लाळ्या-खुरकूताच्या मोहिमेत घोडं धरत नाहीत, त्याला तो रोग होत नाही. त्याची मुख्य लस धनुर्वाताची. आईला लस झालेली असेल तर शिंगराला चार ते सहा महिन्यांचं झाल्यावर पहिली, चार ते सहा आठवड्यांनी दुसरी, आणि दहा ते बारा महिन्यांच्या सुमारास तिसरी. आईला झालेली नसेल तर लवकर सुरुवात करावी लागते. घोडा धनुर्वाताला फार हळवा असतो, आणि खिळे, तारा, खुरपी शेतात कमी नसतात. पिसाळलेल्या कुत्र्यांचा उपद्रव असेल तर रेबीजची लसही विचारा. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या शिंगराच्या तोंडात हात घालू नका, काही अडकलंय असं वाटलं तरी.

जंतांचं औषध दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरू होतं. ते मेडिकलमधून आणून मनानं पाजू नका. शिंगराच्या पोटात गोल जंत खच्चून भरलेले असले आणि एकदम मेले, तर त्यांचाच गोळा आतड्यात अडकतो. शिवाय आयव्हरमेक्टिन या नेहमीच्या औषधाला हे जंत बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत. कोणतं औषध, किती, हे लीद तपासून डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पुढचे दात आठवड्यात, त्याशेजारचे महिन्या-दीड महिन्यात, कोपऱ्याचे सहा ते नऊ महिन्यांत येतात. शिंगरू विकत घेताना हे उपयोगी पडतं. कोपऱ्याचे दात नसलेलं शिंगरू "वर्षाचं आहे" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढं व्हा. खच्चीकरण करायचं तर थंडीत करा, माश्या कमी असतात. बैलाचा चिमटा लावू देऊ नका, घोड्याला भूल देऊनच शस्त्रक्रिया करतात.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून किंवा माळेगावच्या यात्रेतून शिंगरू आणणार असाल तर ग्लँडर्सची रक्ततपासणी झालीय का ते आधी बघा. नाकातून घट्ट स्राव आणि कातडीखाली गाठी येणारा हा रोग माणसालाही होतो. त्याला लस नाही, आणि सापडलेलं जनावर कायद्यानं दयामरण द्यावं लागतं. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळं बांधा. त्याची बादली, खरारा, झूल सगळं वेगळं, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी.

परत आल्यावर

चप्पल आणि कपडे बदलूनच धारेला बसा. शिंगराला आधी आईखाली सोडा, मग बाकीचं. लसीनंतर एक-दोन दिवस मान आखडते, टोचलेल्या जागी गाठ येते, थोडा ताप येतो. दोन दिवसांनीही ताप असेल किंवा गाठ वाढत असेल तर फोन करा.

भुलीचं किंवा गुंगीचं इंजेक्शन दिलेलं असेल तर शिंगरू पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडाजवळ चारा नको. गुंगीत चावणं नीट होत नाही आणि घास घशात अडकतो. नुसतं "देऊ नका" सांगून भागत नाही, गव्हाण रिकामी करा. ठुशीच्या वेळी मी गव्हाण झाडली आणि आत्याबाईंनी "उपाशी आलंय लेकरू" म्हणून मागच्या दारानं घासाची पेंढी टाकली. आता दवाखान्यातून आलं की मी त्यांना शिंगराशेजारी खाटेवर बसवते आणि राखण त्यांच्याचकडे देते. त्या दिवशी कोंबडीसुद्धा गव्हाणीकडे फिरकत नाही.